सईच्या सात फेऱ्या

20 मे 2024 ला ठाण्यात लोकसभेचं मतदान होतं. सकाळी सातलाच राबोडीतल्या आमच्या केंद्रावर जाऊन मत देऊन आले. घरात पाऊल ठेवते तोच ह्यांनी माझ्या बोटाकडे बघून विचारलं, "अगं, ही शाई राहिली तर वुजू होईल का?" वुजू म्हणजे नमाजेआधीचं हात-तोंड-पाय धुणं, आणि आठवडाभरावर आमचं हजचं विमान होतं. चहा टाकायच्याही आधी मी मौलानांना फोन लावला. ते म्हणाले, "बाई, नेलपॉलिशचा थर बसतो, त्याच्या आत पाणी जात नाही. शाई मुरते, मेंदीसारखी. काळजी करू नका."

त्या दिवसांत माझं सगळं चित्त असल्याच प्रश्नांत अडकलेलं होतं. 34 वर्षं महापालिकेच्या शाळेत मराठी शिकवलं. ऱ्हस्व-दीर्घ, काना-मात्रा, लाल शाईने गोल. हजकडेही मी तशीच बघत होते. वही घातली होती. एका बाजूला फर्ज, म्हणजे करायलाच हवं ते, दुसऱ्या बाजूला सुन्नत, म्हणजे पैगंबरांची रीत, खाली काय चुकलं तर काय भरपाई. हजच्या शिबिरात पुठ्ठ्याच्या काब्याभोवती आम्हाला फिरवून दाखवलं, तेव्हा सगळ्यात जास्त शंका माझ्याच होत्या. आम्ही कोकणी मुसलमान शाफई पंथाचे. आमच्या मताप्रमाणे परपुरुषाच्या त्वचेचा स्पर्श झाला तर वुजू तुटतो. मग तवाफच्या, म्हणजे काब्याभोवतीच्या फेऱ्यांच्या, गर्दीत बायकांनी करायचं काय? हेही मी दोनदा विचारलं. तवाफपुरतं हनफी पंथाचं मत घेता येतं, असं सांगितल्यावर ते वहीत लिहून खाली दोन रेघा मारल्या.

अर्ज, कुर्रा म्हणजे सोडत, पैशांचे हप्ते, मेनिंजायटिसची लस, हे सगळं ज्यांना करायचं असतं त्यांना हज कमिटीकडून कळतंच, त्यात मी शिरत नाही. सांगायचं आहे ते त्यानंतरचं.

हजला निघण्याआधी घरोघर जाऊन माफी मागण्याची आमच्यात रीत आहे. "काही बोलले-चालले असेन तर माफ करा." माझी दादी गेली तेव्हा हज बोटीने होत असे. मुंबईहून जिद्द्याला बोटी जायच्या, 1995 पर्यंत जात होत्या. दादी सांगायची, गोदीवर पोचवायला आलेली माणसं अशी रडत होती की जणू हिचा जनाजाच निघालाय. त्या काळी निघणारा माणूस परत येईलच असं कुणी धरून चालत नसे, म्हणून माफी मागून, देणीघेणी फेडून, कफनाचं कापड बरोबर घेऊन निघायचे. आता पाचेक तासांचं विमान आहे. पण माफीची रीत तशीच राहिली, आणि मला ती हजचाच पहिला भाग वाटते.

मी बावीस घरं फिरले. गंमत अशी की माफी मागायला जावं आणि माणसानं दुआच माझ्या पदरात टाकावी. "आमच्यासाठी तिथे मागा हं." तोंडी लक्षात राहीना, म्हणून वेगळी शंभर पानी वही घेतली. शेजारच्या काकू वारकरी. दर आषाढीला आळंदीहून चालत जातात. त्या म्हणाल्या, "लिहा बाई, माझे गुडघे एवढे पंढरपूरपर्यंत चालते राहू देत." मग मला आत बसवून पायांचं शास्त्र शिकवलं. चपला नव्या न्यायच्या नाहीत, महिनाभर पायात मुरलेल्याच न्यायच्या. बोटांच्या बेचक्यांत रात्री खोबरेल लावायचं. फोड आला तर फोडायचा नाही. हज कमिटीच्या पुस्तकात जे नव्हतं ते मला काकूंनी दिलं. वर सैतानाला मारायचे खडे, कंकर, ठेवायला सुती कापडाची एक छोटी नाडीची पिशवीही शिवून दिली. चेंदणी कोळीवाड्याची आमची नेहमीची मासळीवाली म्हणाली, "खाडीत आता मासळी उरली नाय, तेवढं सांग तुझ्या देवाला." भाजीवाल्याच्या मुलाची पोलीस भरती, शाळेतल्या मैत्रिणीच्या लेकीचं लग्न, सोसायटीच्या वॉचमनची गावची विहीर. एकीने नुसतं म्हटलं, "माझं नाव घ्या, बाकी त्याला माहीत आहे." असं करत एकसष्ट नोंदी झाल्या.

शेवटच्या पानावर मी फक्त एक नाव लिहिलं. ते इथे लिहीत नाही.

1993-94 चं वर्ष. कळव्याच्या शाळेत सहावीचा वर्ग माझ्याकडे होता. पारसिकच्या डोंगरातल्या दगडखाणींवर काम करणाऱ्यांची बरीच मुलं तेव्हा वर्गात होती. कर्नाळ्याच्या सहलीचे 340 रुपये मी टेबलाच्या खणात ठेवले होते आणि ते गेले. मधल्या सुट्टीत हा मुलगा वर्गात एकटा होता, असं दोघांनी सांगितलं. मी त्याचं दप्तर सगळ्या वर्गासमोर उलटं केलं. त्यातून एक पाटी, दोन वह्या आणि कागदात गुंडाळलेली अर्धी भाकरी पडली. तो एवढंच म्हणाला, "बाई, मी नाही." मी म्हणाले, "वडलांना घेऊन ये, तोवर वर्गात बसू नकोस." तो भाकरी उचलून, कागदात परत गुंडाळून गेला. चार दिवसांनी हजेरीपटाच्या पुठ्ठ्याला घातलेल्या कव्हरच्या घडीत मला ते पैसे सापडले. मीच ठेवले होते. मुख्याध्यापकांना सांगितलं. वर्गाला सांगितलं नाही. सहल गेली. तो परत आला नाही.

शिबिरात मौलानांनी हुकूकुल इबादबद्दल सांगितलं होतं. नमाज राहिली तर अल्लाहच्या आणि तुमच्या मधली गोष्ट. माणसाचं देणं असेल, पैशाचं असो की अब्रूचं, ते त्या माणसाने सोडल्याशिवाय सुटत नाही. हज करूनही नाही. त्या रात्री मला झोप लागली नाही. दुसऱ्याच दिवशी मी रिक्षा करून कळव्याला गेले. ज्या चाळीत ते लोक राहायचे तिथे आता टॉवर उभा आहे. खाली एका दुकानदाराला विचारलं, एका म्हाताऱ्याला विचारलं. कुणाला काही माहीत नव्हतं. घरी येऊन ह्यांना म्हटलं, "शोधलं, नाही सापडला." हे म्हणाले, "नियत होती ना तुझी? आता अल्लाहवर सोड." मला केवढं बरं वाटलं ते ऐकून. वहीच्या शेवटच्या पानावर नाव लिहिलं आणि बॅगेची चेन ओढली.

एहराम घरीच बांधला. यलमलम हा आपल्याकडून जाणाऱ्यांचा मीकात, म्हणजे एहरामशिवाय ओलांडायची नाही ती हद्द, विमानातच मागे पडतो, म्हणून आधीच तयारी करून निघायचं असतं. ह्यांना त्या दोन बिनशिवलेल्या पांढऱ्या पंच्यांत बघून मला दादीच्या गोष्टीतला गोदीवरचा निरोप आठवला. बायकांना वेगळा पोशाख नसतो. साधे अंगभर कपडे, चेहरा उघडा. एहरामात नखं कापायची नाहीत, केस तोडायचे नाहीत, सुगंध लावायचा नाही, भांडायचं नाही. विमानात घोषणा झाली तसा सगळ्यांनी "लब्बैक अल्लाहुम्म लब्बैक" सुरू केलं. लब्बैक म्हणजे हजर. वर्गात हजेरी घेताना मुलं म्हणतात तेच. 34 वर्षं मी दुसऱ्यांकडून ऐकलेला शब्द पहिल्यांदा स्वतः म्हणत होते.

काबा पहिल्यांदा दिसतो त्या क्षणाबद्दल सगळे सांगतात, त्यावर मी फार लिहिणार नाही. मला रडू आलं नाही. एवढ्या मोठ्या गर्दीत ती वास्तू अगदी गप्प उभी होती आणि मला माझ्या धावपळीची लाज वाटली, एवढंच. हजरे-असवदच्या, काब्याच्या कोपऱ्यातल्या काळ्या दगडाच्या, समोर हिरवा दिवा आहे, तिथून तवाफ सुरू. काबा डाव्या हाताला ठेवून सात फेऱ्या. मी हातात सात मण्यांची माळ घेतली होती, फेरीगणिक एक मणी सरकवत होते. मकामे-इब्राहीमच्या मागे दोन रकात नमाज, जमजमचं पाणी, आणि मग सई.

अरबीत सई म्हणजे धडपड, खटपट, प्रयत्न. सफा आणि मरवा या दोन टेकड्यांमध्ये सात वेळा चालायचं. सफा ते मरवा एक, मरवा ते सफा दोन, सातवी फेरी मरवाला संपते. एक फेरी साधारण साडेचारशे मीटरची, म्हणजे सगळं मिळून तीन किलोमीटरच्या वर. आता तिथे लांबच लांब इमारत आहे. संगमरवरी फरशी, गार हवा, मधोमध व्हीलचेअरची वाट. सफाचा मूळ खडक कठड्यापलीकडे दिसतो. मराठीत सई म्हणजे मैत्रीण, जिवाभावाची सखी. शब्दाशब्दाला अडखळायची माझी जुनी खोड, त्यामुळे पहिल्या दोन फेऱ्या मी त्या शब्दातच होते. उरलेल्या पाच मोजण्यात गेल्या. तिसरी झाली की पाचवी, यावरून आमच्या दोघांत मतभेद झाला. एहरामात भांडायचं नाही हे आठवून आम्ही कमी आकडा धरला आणि दोन जास्त फेऱ्या मारल्या. उमरा, म्हणजे हजआधीची छोटी यात्रा, पुरा झाला. बोटाच्या पेराएवढे केस कापले. मी खोलीवर येऊन वहीत बरोबरची खूण केली.

मग अजीजियातले दिवस. भारतातल्या पुष्कळ हाजींची राहायची सोय या भागात असते. एका खोलीत आम्ही चौघी. एक मालेगावची, एक लातूरची आणि एक आमच्याच मुंब्र्याची. सामायिक स्वयंपाकघरात सकाळी भाकऱ्या थापायच्या, दुपारी झोप, रात्री बसने हरमला, काब्याच्या मशिदीत. लातूरच्या बहिणीला मराठीच सोपं, मालेगावची उर्दूवाली, मी दोघींमध्ये दुभाषी. एकदा हरममध्ये बाजूला बसलेल्या इंडोनेशियाच्या एका बाईने माझ्या बोटावरच्या काळ्या रेघेवर बोट ठेवून, काही लागलं का, असं खुणेने विचारलं. मी एका हाताने पेटी आणि दुसऱ्याने चिठ्ठी टाकल्याचा अभिनय केला. तिला कळलं. हसून तिने स्वतःचं बोट पुढे केलं आणि शाईत बुडवल्याची खूण केली. त्यांच्याकडेही मत दिल्यावर बोट शाईत बुडवतात.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात लेकीने फोनवर खिडकीतून पाऊस दाखवला. राबोडीचा रस्ता, त्यावर छत्र्या, पागोळ्यांचा आवाज. इकडे बाहेर पडलं की भट्टीचं दार उघडल्यासारखं होत होतं.

8 जिलहिज्जला, म्हणजे 14 जूनला, पुन्हा एहराम बांधून मीनाला गेलो. तंबूत एकीला हातभर रुंदीची गादी. कूस बदलायची तर शेजारणीला सांगून. दुसऱ्या दिवशी अराफातचं मैदान.

पैगंबरांची हदीस आहे, हज म्हणजे अराफात. बाकी पुष्कळ गोष्टी राहिल्या तर भरपाई असते. अराफातला दुपार ढळल्यापासून पुढच्या वेळात तिथे हजर राहिला नाहीत तर हजच नाही. आणि तिथे करायचं काय? काहीच नाही. उभं राहायचं, बसायचं, मागायचं. फेरी नाही, मोजणी नाही. माझ्यासारखीला हे फार अवघड गेलं. जुहर आणि असरची नमाज झाली, शिबिरात दिलेल्या पुस्तकातल्या अरबी दुआ वाचल्या, अर्थ खाली लिहिलेले होते तेही वाचले. घड्याळात अडीच वाजले होते. कूलर चालू होते, तरी तंबूचं कापड हाताला चटका देत होतं. पडद्यापलीकडे पुरुषांच्या बाजूने कुणीतरी हुंदके देत होतं. मला मात्र कोरडं-कोरडं वाटत होतं, पाठांतर म्हणून दाखवल्यासारखं.

मी वही काढली. पहिलं पान काकूंचं. ते अरबीत कसं म्हणणार? पंढरपूरला चालत जायला गुडघे दे, याला माझ्याकडे अरबी नाही आणि उर्दूही नाही. मी मराठीतच मागितलं. दुआ कुठल्याही भाषेत मागता येते हे मला माहीत होतं, मुलांना शिकवलंही होतं. पण जन्मभर नमाजेनंतर मी पाठ केलेलीच दुआ मागत आले होते. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्याशी मी ज्या भाषेत बोलते, चिडते, मुलांना गोष्टी सांगते त्या भाषेत बोलले, आणि घसा दाटून आला. मासळीवालीचं तिच्याच शब्दांत सांगितलं. "खाडीत आता मासळी उरली नाय." वॉचमनची विहीर. लग्न. भरती. लातूरची बहीण शेजारी बसून ऐकत होती. ती म्हणाली, "बाई, माझं बी नाव घाला त्यात." तिच्याकडून पेन घेऊन बासष्टावी नोंद केली. दुसऱ्यांचं मागताना किती मोकळं मागता येतं! आपल्यासाठी मागताना माणूस आधी स्वतःशीच वाद घालतो, आपण याला पात्र आहोत का म्हणून. काकूंच्या गुडघ्यांसाठी मी हक्काने भांडले.

पाच वाजून गेले असतील तेव्हा शेवटचं पान आलं.

वाक्य माझ्याजवळ तयार होतं. "या मुलाच्या बाबतीत माझी चूक झाली, मी त्याला शोधलं, तो सापडला नाही, तू मला माफ कर." मी "मी त्याला शोधलं" इथपर्यंत आले आणि पुढचा शब्द फुटेना. त्या मैदानात ते वाक्य खोटं आहे हे मला स्वच्छ दिसलं. शाळेत जनरल रजिस्टर असतं. प्रत्येक मुलाचं नाव, आईचं नाव, जन्मतारीख आणि जन्मठिकाण, गाव-तालुका-जिल्ह्यासकट. कुठल्याही मास्तराला झोपेतून उठवून विचारा, मूल शोधायचं तर पहिलं कुठे बघाल, तो हेच सांगेल. मुख्याध्यापकांच्या खोलीतल्या त्या हिरव्या कपाटासमोरून मी वर्षानुवर्षं रोज गेले होते. पण मी ते कपाट उघडलं नाही. रिक्षा करून अशा जागी गेले जिथे तो सापडणार नाही हे मला आतून ठाऊक होतं. मला तो सापडायला नको होता. शोधल्याचं समाधान तेवढं हवं होतं, विमानात बसण्यापुरतं.

हे मी कुणाला सांगत होते? ज्याला सगळं आधीच माहीत आहे त्यालाच ना? तरी ते तोंडाने म्हणताना अंगाला कापरं भरलं. माझ्या डाव्या बोटाचं नख समोर होतं. शाई आता नखाच्या मध्यावर सरकली होती, खाली कोवळं पांढरं नख आलं होतं. माफी मी मागितलीच नाही. मागायचा हक्क नव्हता. एवढंच म्हटलं, "मला घरी नीट पोचव. मी कपाट उघडीन." सूर्य बुडाला तशी सगळीकडे धांदल उडाली, सामान, पाण्याच्या बाटल्या, नावं घेऊन हाका. मी उठले तेव्हा पाय बधिर झाले होते.

मुजदलिफाची रात्र उघड्यावर, चटईवर. मगरिब आणि इशाची नमाज तिथे एकत्र. काकूंच्या पिशवीत हरभऱ्याएवढे 49 कंकर वेचले. सात पहिल्या दिवसाचे, मग दोन दिवस एकवीस-एकवीस. लाखो माणसं आकाशाखाली झोपली होती, श्रीमंत कोण नि गरीब कोण ओळखता येत नव्हतं. जमरातला सैतानाला खडे मारतात. सैतान म्हणून मला डोळ्यांसमोर दुसरं काही आणावं लागलं नाही. "शोधलं, नाही सापडला" हे माझ्याच आवाजातलं वाक्य होतं.

त्या दिवसांतल्या उन्हाबद्दल मात्र लिहिलंच पाहिजे. 17 जूनला मक्केत 51 अंशांच्या वर तापमान गेलं. जमरातकडे जाणाऱ्या रस्त्यावर माणसं बसत होती, कोसळत होती. एका कडेला एका म्हाताऱ्या बाबांच्या तोंडावरून त्यांच्याच एहरामचं कापड ओढलेलं होतं, आणि बाजूला बसलेली बाई त्यांच्या पायावर नुसता हात फिरवत होती. आमच्याजवळ पाणी होतं, ते तिला दिलं. तिने घेतलं आणि तसंच हातात धरून ठेवलं. त्या हजमध्ये 1,301 माणसं गेली असं सौदी सरकारने नंतर जाहीर केलं. त्यांतल्या बहुतेकांकडे परवाना नव्हता, म्हणजे तंबू नाही, बस नाही, उन्हात मैलोन्‌मैल पायी. जन्मभर पैसे साठवून आडमार्गाने आलेली गरीब माणसं. त्यांना नियम मोडणारे म्हणून झटकून टाकणं मला जमत नाही. त्या बाईच्या हातातली न उघडलेली बाटली अजून डोळ्यांसमोर येते. दादी कफन घेऊन का निघाली होती ते मला त्या रस्त्यावर कळलं. मला भीती वाटली ती मरणाची नव्हती. कपाट उघडायचं राहील याची होती.

तवाफे-जियारत, म्हणजे हजचा तवाफ, झाला आणि त्यानंतर हजची सई. रात्रीचे दोन वाजले होते. टाचा भेगाळल्या होत्या. ह्यांनी विचारलं, "व्हीलचेअर घेऊ का?" मी नको म्हटलं. जुन्या चपला पिशवीत घालून अनवाणी निघाले.

या वेळी मणी सरकवले नाहीत, मोजायचं काम ह्यांच्यावर सोपवलं. हाजराची गोष्ट लहानपणापासून ऐकलेली. इब्राहीम अलैहिस्सलाम तिला आणि तान्ह्या इस्माईलला त्या ओसाड खोऱ्यात सोडून निघाले. जवळ थोडे खजूर, थोडं पाणी. तिने विचारलं, "अल्लाहचा हुकूम आहे का?" ते हो म्हणाले. "मग तो आम्हाला वाऱ्यावर सोडणार नाही." एवढा तिचा विश्वास होता. आणि तरी पाणी संपल्यावर ती लेकराजवळ विश्वास ठेवून बसून राहिली नाही. सफावर चढली, कुणी दिसतंय का बघितलं. उतरली, धावली, मरवावर चढली. तिथूनही काही दिसलं नाही. मग परत सफा. सफावरून काही दिसत नाही हे तिने आधीच पाहिलेलं होतं! तिसऱ्या वेळी तिथे काय नवं दिसणार होतं? तरी ती गेली. सातदा. आणि पाणी ना सफावर लागलं ना मरवावर, लागलं ते लेकराच्या पायाशी.

मी कळव्याला एकदा गेले होते. रिक्षाने.

मध्ये हिरव्या दिव्यांचा टप्पा येतो. तिथे पुरुष धावतात. ती जागा पूर्वी सखल होती, तिथून लेकरू दिसेनासं व्हायचं म्हणून हाजरा तेवढं धावली. बायकांनी तिथे चालायचं असतं. धावलेली बाईच होती, आणि आज हजारो पुरुष, म्हातारे, तरणे, आफ्रिकेचे, तुर्कस्तानचे, एका आईच्या घाबरलेल्या पावलांवर पाऊल टाकून धावत होते. मी कडेने चालत ते बघत राहिले. सातव्या फेरीला मरवाजवळ हे म्हणाले, "सात." मला वाटलं होतं पाचच झाल्या.

पुढे मदिना झालं, तिथल्या गार पहाटा झाल्या. त्या दिवसांबद्दल माझ्याजवळ शब्द कमी आहेत आणि ते तसेच राहू देते.

जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात घरी आलो. ठाण्यात धो-धो पाऊस. जमजमचा पाच लिटरचा कॅन फोडून छोट्या बाटल्या भरल्या, बरोबर खजूर. वही घेऊन घरोघर गेले आणि एकेका नावासमोर खूण करत आले. काकू वारीला गेलेल्या होत्या, त्यांची बाटली आषाढीनंतर दिली. गुडघे? "चालले बाई, सगळे दिवस चालले," म्हणाल्या, आणि पंढरपूरच्या चुरमुऱ्या-बत्ताशांची पुडी माझ्या हातात ठेवली.

त्याच आठवड्यात मी शाळेत गेले. नवे मुख्याध्यापक माझेच जुने सहकारी. त्यांना सगळं सांगितलं, अगदी दप्तर उलटं केल्यापासून. ते काही बोलले नाहीत, कपाटाची किल्ली दिली. रजिस्टरची पानं पिवळी पडली होती, कडा हातात येत होत्या. नाव सापडायला दहा मिनिटंही लागली नाहीत. जन्मठिकाणाच्या रकान्यात मंठा तालुक्यातलं गाव, जिल्हा जालना. शाळा सोडल्याच्या कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं, "सतत गैरहजर". अक्षर कारकुनाचं. तसं कळवलं होतं मी.

ऑगस्टमध्ये देवगिरी एक्सप्रेसने आम्ही दोघं जालन्याला उतरलो आणि पुढे एसटीने त्या गावाला गेलो. त्याचे एक चुलते भेटले. त्यांनी बसायला सतरंजी टाकली, चहा केला. भाऊ कधीच वारला, म्हणाले, पोरगं वाळूजला कंपनीत होतं, दहाएक वर्षांपूर्वी तिथे भेटलं होतं. "त्यानं काही केलं का बाई?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "त्यानं नाही, मी केलं." आणि त्यांना सांगितलं. गावातल्या एका माणसाला तरी कळलं की तो चोर नव्हता. ते बराच वेळ जमिनीकडे बघत बसले. मग म्हणाले, "शिकायचं लई होतं त्याला."

ऑक्टोबरात वाळूजला गेलो. ती कंपनी बंद पडलेली. शेजारच्या गेटवरच्या एका वयस्क कामगाराला नाव आठवत होतं. बायकोच्या माहेरी, परभणीकडे गेला असावा, म्हणाला. फोन नंबर नाही.

वहीच्या शेवटच्या पानासमोर अजून खूण नाही. कपाटात एक बाटली बाजूला ठेवली आहे, झाकणावर त्याचं नाव चिकटपट्टीने लावलंय. शनिवारचं परभणीचं तिकीट काढलं आहे. हे म्हणाले, "या वेळी नव्या चपला घे, त्या पार झिजल्यात." मी काकूंचं ऐकणार आहे.